आप्पा आणि उद्याचा निरोप

व्हॅनवाले आप्पा हॉर्न वाजवत नसत. बाकीचे गल्लीच्या तोंडाशी भोंगा दाबून बसायचे. आप्पा गाडी बंद करून दारात यायचे, पोरीला माझ्या हाती द्यायचे आणि मग उद्याचं सांगायचे. "ताई, उद्या पिवळे कपडे. परवा आजीआजोबांना बोलावलंय. आन् मागच्या गल्लीतल्या पोराचा वाढदिवस हाय आज, सा वाजता. त्याच्या आईनं निरोप दिलाय."

शाळेच्या ग्रुपवरही हे सगळं येई, पण दुकानं बंद व्हायच्या बेताला. मी कुरकुंभला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. आत फोन नेता येत नाही, गेटवर जमा करावा लागतो. नवरा चाकणला, यायचा तो रविवारी. दौंडच्या दोन खोल्यांत मी आणि दुसरीतली पोर. आप्पा शाळेच्या शिपायाला खोदून खोदून विचारत आणि बातमी आधीच काढून आणत. "शाळंचं म्हंजी वरातीमागून घोडं," असं त्यांचं ठाम मत होतं.

एकदा फॅन्सी ड्रेसचं मी साफ विसरले. व्हॅन दारात, पोरगी रडतेय, माझी कंपनीची बस सुटायला आलेली. आप्पा म्हणाले, "तुम्ही जावा, म्या बगतो." वाटेत मंडईपाशी थांबून त्यांनी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, डोक्याला आपला पंचा गुंडाळला आणि पोरीला भाजीवाली केली. नंबर आला नाही. मेथी मात्र बाईंनी घरी नेली.

अशा माणसाला मी नको ते बोलले.

त्या दिवशी शाळेत पाण्याची लाइन फुटली आणि पोरं बारालाच सोडली. साडेतीनला गेटवर फोन हातात घेतला तर ग्रुपवर मेसेज, आणि आप्पांचे चार मिस्ड कॉल. उलटा लावला तर बंद. घरी आले, दाराला कुलूप, पायरीवर कुणी नाही. शेजारी विचारलं, कुणाला माहीत नाही. साडेचारला व्हॅन आली आणि पोरगी हसत उतरली. "आई, मी आप्पांच्या घरी भाकरी खाल्ली, आणि तिथे मांजराची तीन पिल्लं आहेत!"

आप्पा बौद्ध, आम्ही मराठा. तीन वर्षांत हा विषय कधी निघाला नव्हता. मी सगळ्या गल्लीसमोर ओरडले, "न विचारता त्या वस्तीत कशाला नेलीत माझ्या पोरीला?"

आप्पा एवढंच म्हणाले, "कुलपापुढं सोडून जायाचं व्हतं का, ताई?"

दुसऱ्या दिवसापासून ते हॉर्न वाजवू लागले. गाडीतून उतरत नसत. पिवळे कपडे, वाढदिवस, सगळं मला पुन्हा ऐनवेळी कळू लागलं. पोरगी दोनदा साध्या गणवेशात गेली, रडत परत आली. माफी मागायची रोज ठरवत होते. पण सकाळी घाई आणि संध्याकाळी लाज. तेवढ्यात शाळेने स्वतःच्या बसगाड्या सुरू केल्या आणि आप्पा व्हॅन विकून तळेगाव ढमढेऱ्याला मुलाकडे गेले.

परवा, दोन वर्षांनी, मी त्यांना फोन लावला. आवाज ओळखला त्यांनी. पोरीचं विचारलं, चौथीत गेली का म्हणाले. मग मीच त्या दिवसाचा विषय काढला.

आप्पा म्हणाले, "पोरगी दिसंना म्हनल्यावर आईचा तोल जायचाच. तुम्ही वरडला त्याचं काय न्हाई. पन त्या वस्तीत म्हनालात, त्ये लई लागलं बगा. माजी मालकीन भाकऱ्या थापत व्हती तुमच्या पोरीसाठी."

"माझं चुकलं, आप्पा."

"व्हय, ताई," ते म्हणाले. "चुकलं."