सुविचाराखालचे नाव

माझ्या कपाटात पाच रजिस्टरे आहेत. कापडी पाठीची, शाळेच्या हजेरीपटाच्या मापाची. त्यांत एकूण दोन हजार एकशे सहा वचने आहेत आणि त्यांतल्या तीनशे चाळीस वचनांचे मूळ मला सापडले आहे. मूळ सापडले म्हणजे पुस्तक, आवृत्ती आणि पान. बाकीच्यांपुढे पेन्सिलीची फुली आहे. बायको म्हणते, एवढ्या हिंडण्यात दोन्ही पोरींसाठी स्थळे पाहून झाली असती. तिचा हिशेब बरोबर आहे.

हा नाद मी आपणहून लावून घेतला नव्हता. सन बहात्तरमध्ये मोहाडी तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत मी कारकून म्हणून लागलो. दरवाजाजवळच्या फळ्यावर रोज एक सुविचार लिहिण्याची तिथे पद्धत होती. ज्या शिक्षकाला जे आठवेल ते तो सांगे आणि खाली एखाद्या थोर माणसाचे नाव टाकले जाई. एकदा पंधरा दिवसांत तेच वाक्य दोनदा आले, दोन वेगळ्या नावांनी. नेमके त्याच पंधरवड्यात दोनदा तपासणीला आलेल्या साहेबांनी दोन्ही वेळा ते वाचले. त्यांनी मुख्याध्यापकांना विचारले, "या दोघांपैकी कोणी कोणाचे चोरले?" साहेब गेल्यावर मुख्याध्यापकांनी फळा माझ्याकडे दिला. "तुम्ही आकड्यांचे माणूस. हे काम तुमचे."

मी रजिस्टर आखले. अनुक्रमांक, तारीख, वचन, कोणाकडून मिळाले, मूळ कोणाचे, पुस्तक व पान, शेरा. आणि एक नियम केला. पुस्तक व पान नसेल तर खाली नाव टाकायचे नाही, 'अज्ञात' लिहायचे.

शनिवारी शाळा सकाळची असे. दुपारच्या एस.टी.ने मी भंडाऱ्याला जाई आणि संध्याकाळपर्यंत वाचनालयात बसे. जे तिथे सापडत नसे त्यासाठी जोडकार्ड टाकी, म्हणजे उत्तराचे कार्ड सोबतच जाई आणि समोरच्याला पैशांचे निमित्त उरत नसे. एका वाक्याच्या मागे मी कॅलेंडरवरून पंचांगावर, पंचांगावरून एका पाठ्यपुस्तकावर आणि तिथून त्या पाठाच्या लेखकापर्यंत पोहोचलो. लेखकाने कळवले, "माझे मामा म्हणत असत. त्यांनी कुठे वाचले ते विचारायचे राहून गेले." अकरा महिने लागले होते. तरी पुस्तक-पानाच्या रकान्यात काही लिहिता आले की त्या दिवशी मला जेवण गोड लागे.

फळ्यावर लिहायचा तो शाळेचा शिपाई. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याचे अक्षर एवढे वळणदार होते की चित्रकलेचे मास्तरही वार्षिक समारंभाच्या पाट्या त्याच्याकडून करून घेत. मी चिठ्ठीवर वाक्य लिहून द्यावे, त्याने ते प्रार्थनेआधी फळ्यावर उतरवावे, असा आमचा रोजचा व्यवहार होता. तो मला बाबूजी म्हणे.

सन पंच्याहत्तरची गोष्ट. शाळेच्या मागच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, रोवणी चालू होती. रोवणीच्या बाया दुपारी शिदोरी खायला आमच्या व्हरांड्यात येत. त्यांत शिपायाची आई होती. करडीकडच्या तिच्या गावाहून ती बायांची टोळी घेऊन येई. त्या दिवशी टोळीतली एक बाई रडत होती. तिच्या मुलीला भंडाऱ्याच्या वसतिगृहात जागा मिळाली होती आणि मुलगी दुसऱ्या दिवशी जाणार होती. मी ऑफिसच्या खिडकीशी बसलो होतो. शिपायाची आई भाकर मोडता मोडता तिला म्हणाली,

"रडतं काहून वो? आपण रोज काय करून राहिलो बांधीत? पऱ्हे दाटीत असते तवा उंच दिसते. पण उपटून दुसऱ्या बांधीत लावल्याबिगर त्याले लोंब येत नाही. जाऊ दे पोरीले."

मी खडूच्या खोक्यावर ते वाक्य तसेच्या तसे लिहून घेतले. रजिस्टरात त्याचा क्रमांक चारशे बारा. कोणाकडून मिळाले या रकान्यात लिहिले, 'शिपायाची आई.'

शिपायाने मला लिहिताना पाहिले होते. तो आत आला. "बाबूजी, उद्या हेच लिहू का?"

"लिही. चांगलं आहे."

"खाली मायचं नाव टाकतो."

"ते कसं टाकता येईल? पुस्तक कुठं आहे?"

तो हसला. "माय अन् पुस्तक? तिले तं अंगठाच येते."

"मग ते तिचंच आहे कशावरून? कुठल्या भजनात, कीर्तनात ऐकलं असेल."

"बाबूजी, रोवणा कीर्तनकार करते का?"

माझ्याजवळ नियम होता. मी म्हटले, "सगळ्यांना एकच नियम. 'अज्ञात' टाक."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर ते वाक्य आले. शाळेच्या भाषेत मी ते थोडे नीट करून दिले होते: दाटीत रोप उंच दिसते, पण उपटून दुसरीकडे लावल्याशिवाय त्याला दाणा धरत नाही. खाली उजव्या कोपऱ्यात, अज्ञात. दुपारी बाया आल्या. शिपायाची आई हात धुऊन थेट फळ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"माहं कोणतं हाय?"

त्याने दाखवले.

"अन् खाली हे बारकं?"

शिपायाच्या हातात घंटेचा लाकडी हातोडा होता. त्याने माझ्याकडे पाहिले. मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो. मग तो म्हणाला, "तुहं नाव हाय, माय."

तिने पदराला हात पुसले आणि त्या तीन अक्षरांवरून, खडू पुसू नये म्हणून अंतर ठेवून, हवेतच बोट फिरवले. मागच्या बाया माना पुढे करून पाहू लागल्या. एक म्हणाली, "आता तं इले मास्तरीणबाईच म्हणा लागन." सगळ्या हसल्या. मी ऑफिसात गेलो आणि टेबलाच्या खणात तिकिटे शोधू लागलो. तिकिटे टेबलावरच होती.

फळा रोज संध्याकाळी पुसला जाई. ते वाक्य तीन दिवस राहिले. तीन दिवस ते राहू दिले हा माझा चांगुलपणा आहे, असे मला तेव्हा वाटले होते.

पुढची सहा वर्षे ती रोवणीला येत राहिली. शाळेच्या फळ्यावर आपले नाव आले होते, हे तिने करडीपासून आंधळगावच्या बाजारापर्यंत सांगितले होते. मधल्या काळात त्यांच्या गावी बौद्ध विहारात प्रौढ शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. शिपाई एक दिवस मला म्हणाला, "माय आता वाचून राहिली, बाबूजी. एस.टी.ची पाटी वाचते." मी म्हटले, "छान." त्याचा चेहरा मात्र छान म्हणण्यासारखा नव्हता.

एक्याऐंशीत शाळेला पंचवीस वर्षे झाली. समारंभासाठी कुंपणाच्या भिंतीवर तैलरंगात आठ सुविचार रंगवायचे ठरले. यादी तपासायला माझ्याकडे आली. पाचव्या क्रमांकावर पऱ्ह्याचे वाक्य होते आणि खाली एका थोर संताचे नाव. मी विचारले, हे कुठून आले? मुख्याध्यापकांनी भिंतीवरचे कॅलेंडर दाखवले. जुलैच्या पानावर तेच वाक्य, तेच नाव, छापील.

मी त्याच दिवशी कॅलेंडर छापणाऱ्यांना जोडकार्ड टाकले. दुपारी शिपाई माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"बाबूजी, तुमच्या रजिस्टरात लिहून हाय ना? तारखेसकट?"

"आहे."

"मंग?"

"रजिस्टरात माझंच अक्षर आहे. कॅलेंडर छापील आहे. त्यांना विचारलं आहे, उत्तर येऊ दे."

"अन् भिंत?"

"भिंत मागाहून दुरुस्त करता येते."

"माय येनार हाय कार्यक्रमाले. आता ते वाचते, बाबूजी."

सभेत मुख्याध्यापकांनी यादी वाचली आणि मला विचारले, "सगळं बरोबर आहे ना?" मी म्हणालो, "पाचव्याचा तपास सुरू आहे." ते म्हणाले, "तोवर छापील आहे ते धरू." मी बसलो. हे वाक्य आमच्या शिपायाच्या आईचे आहे, मी माझ्या कानांनी ऐकले आहे, एवढे म्हणायला किती शब्द लागतात ते मी नंतर मोजले आहेत. अकरा लागतात.

समारंभाच्या दिवशी ती धुतलेले पांढरे लुगडे नेसून आली. शिपाई तिला भिंतीच्या दुसऱ्या टोकाला नेऊ पाहत होता, पण ती ऐकेना. पहिल्यापासून एकेक सुविचार बोट ठेवून वाचत ती पाचव्यापर्यंत आली. मोठ्याने, अक्षर लावून, तिने पूर्ण वाक्य वाचले आणि लेकाकडे पाहून हसली. मग खालचे नाव वाचले. पुन्हा वाचले.

"हे माहं नाव नोहे. रंगवणाऱ्यानं चुकवलं का रे?"

"नाही, माय."

"मंग तवा फळ्यावर काय होतं?"

तो तिला पुढच्या सुविचाराकडे नेऊ लागला. तिने पुन्हा विचारले.

"अज्ञात होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे कोण हाय ते मालूम नाही."

ती माझ्याकडे वळली. "बाबूजी, तुमाले तं मालूम होतं."

मी म्हणालो, "मावशी, तपास सुरू आहे."

"करा तपास. घर सापडलं नाही तं पोस्टमनले विचारा. त्याले मालूम हाय मी कोण हावो ते."

आजूबाजूचे लोक हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात शिपायाने मुख्याध्यापकांना सांगितले की खडूने बोटे दुखतात, फळा दुसऱ्याला द्या. फळा चित्रकलेच्या मास्तरांकडे गेला. वेळापत्रके, खोक्यांवरची लेबले, परीक्षेच्या बैठकीचे क्रमांक तो पूर्वीसारखेच सुंदर लिहीत होता. सुविचार मात्र त्याने पुन्हा लिहिला नाही. मला बाबूजी म्हणणेही त्याने सोडले नाही, हे मला जास्त जड गेले.

तपासाला पावणेतीन वर्षे लागली. कॅलेंडरवाल्यांनी वाक्य एका डायरीतून घेतले होते. डायरीवाल्यांना ते त्यांच्याकडे काम करणाऱ्या एका मुलाने दिले होते. तो मुलगा आमच्याच शाळेतला निघाला आणि त्याने ते आमच्या वार्षिक अंकातल्या एका लेखातून उचलले होते. तो लेख लिहिणारे शिक्षक बदलून गेले होते. त्यांचे कार्ड आले: "वाक्य आपल्या शाळेच्या फळ्यावरचेच आहे. खाली 'अज्ञात' होते, ते लेखात शोभेना, म्हणून संतांचे नाव घातले."

म्हणजे मी फिरत फिरत माझ्याच चारशे बारा क्रमांकावर आलो होतो. ती नोंद पाहायला पहिले रजिस्टर उघडले, तेव्हा वरच्या काही ओळींवर नजर गेली. क्रमांक तीनशे अठ्ठ्याण्णव. मूळ कोणाचे: मुख्याध्यापकांच्या वडिलांचे, पूर्ण नावानिशी. पुस्तक व पान: काही नाही. अक्षर माझेच. मग मी पाचही रजिस्टरे तपासली. पुस्तकाशिवाय मी नाव टाकलेल्या नोंदी एकूण नऊ निघाल्या. नऊही जण खुर्चीवर बसणारे होते.

त्या रविवारी रजिस्टर आणि सगळी कार्डे घेऊन मी शिपायाच्या गावी गेलो. घर विचारावे लागले नाही. ती अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. शिपायाने खाट टाकली. मी कार्डे एकेक करून वाचून दाखवली आणि शेवटी म्हणालो, "तपास पुरा झाला, मावशी. वाक्य तुमचंच आहे." नाव तिने स्वतःच्या हाताने लिहावे असे मी मनात धरले होते. रजिस्टर तिच्यापुढे केले, पेनचे टोपण काढले. तिचे नाव मला तोवर ठाऊक नव्हते, नऊ वर्षांत मी विचारलेच नव्हते.

तिने सूप खाली ठेवले.

"नाव नका लिहू आता, बाबूजी. नाव नोहतं त्याचं मले काही नाही. मी काय नावासाठी बोलली होती का? पण माह्या पोरानं मले सहा सालं खोटं सांगतलं. मी गावभर सांगत फिरली. हा पोरगा खोटं बोलणारा नोहता. ते तुम्ही त्याच्याकडून बोलवलं."

शिपाई विहिरीकडे पाहत होता. "जाऊ दे ना, माय," एवढेच तो म्हणाला.

"जाऊच देऊन राहिली," ती म्हणाली आणि सूप पुन्हा उचलले. मला चहा दिला. मी तो घेतला. शिपाई सायकलवर एस.टी.च्या थांब्यापर्यंत सोडायला आला. वाटेत आम्ही धानाच्या भावाबद्दल बोललो.

भिंत पुढच्या रंगकामात दुरुस्त करू, असे मुख्याध्यापक म्हणाले होते. अजून रंगकाम झालेले नाही. ते वाक्य मात्र फिरतेच आहे, त्या संताच्या नावाने, लग्नपत्रिकांवर, पतसंस्थांच्या डायऱ्यांत. जिथे दिसेल तिथे मी जोडकार्ड टाकतो: हे वचन त्यांचे नाही, कृपया नाव काढावे. आजवर सात कार्डे टाकली. तिघांचे उत्तर आले आणि तिघांनीही एकच विचारले, "मग कोणाचे?"

आलेल्या पत्राला आठ दिवसांत उत्तर द्यायचे, ही माझी जन्माची सवय आहे. ती तीन कार्डे पहिल्या रजिस्टरात चारशे बारा क्रमांकाच्या पानात ठेवली आहेत.