सदर गाण्यास हरकत

गणेशोत्सवाच्या तीन आठवडे आधीचा सोमवार : हरकतीचे पत्र मराठी मंडळास मिळाले. त्याच आठवड्यातला शुक्रवार : कार्यकारिणीने क्लेअरचे गाणे कार्यक्रमातून वगळले. फेब्रुवारीतला पहिला मंगळवार : क्लेअर गेली. जबाबदार व्यक्ती : मंडळाचे अध्यक्ष, सांस्कृतिक समितीचे तीन सदस्य आणि पत्राखाली नावाऐवजी ‘एक सभासद’ असे लिहिणारा गृहस्थ. मृत्यूची जबाबदारी यांपैकी कोणावरही नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटायला कोणाचा ठराव लागत नाही. जबाबदारी आहे ती गाणे वगळल्याची.

त्या मंगळवारी सकाळी मी अमेरिकेतल्या आमच्या गावच्या, वेस्ट विंडसरच्या नगरपालिकेला, रस्त्यावरचे बर्फ आमच्या दारात ढकलल्याबद्दल, तिसरे पत्र लिहीत होतो. अनिकेतचा, माझ्या मुलाचा, हॉस्पिटलमधून फोन आला. “बाबा, क्लेअर…” फोन ठेवून मी हातातले वाक्य पूर्ण केले, सही केली आणि मग उठलो. असा मी माणूस आहे.

क्लेअर, माझी सून, इंग्लंडमधल्या एका समुद्रकाठच्या गावची. सतराव्या वर्षापासून स्वतःची गाणी स्वतः लिहून पबमध्ये गात आली. मोठी कंपनी कधी मागे उभी राहिली नाही. दोन अल्बम मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात रेकॉर्ड केले, आणि कार्यक्रम संपला की दारापाशी उभी राहून ते विकले. पहिले लग्न मोडले त्यावर तिने अख्खा अल्बम केला, त्यात नवऱ्याविरुद्ध एक वावगा शब्द नाही. नागपूरच्या कोर्टात वकिलीची तीस वर्षे काढली, असा घटस्फोट मी पाहिला नव्हता. अमेरिकेतल्या छोट्या कॅफेंमधून गात फिरताना फिलाडेल्फियात तिचा माइक बंद पडला. प्रेक्षकांतून उठून जो दुरुस्त करायला गेला, तो अनिकेत.

माझी पत्नी सुधा तिला व्हॉइसमेल ठेवत असे. सुधा गेल्यावर क्लेअरने ते जपले आणि त्यांतून एक गाणे केले. कडवी इंग्रजीत, ध्रुवपद सुधाचे : ‘येताना दही आण गं, आणि सावकाश ये.’ पहिल्यांदा तिने ते आमच्या स्वयंपाकघरात म्हटले. मी अर्ध्यातून उठून गेलो.

रंगमंचावरील कार्यक्रम फक्त मराठीतच असावेत, हे मंडळाच्या घटनेतले कलम चौदा. त्याचा मसुदा माझा. हरकतीचे पत्रही माझेच. कलम निमित्त होते. सुधाचे ते वाक्य भरल्या हॉलमध्ये ऐकण्याची हिंमत मला नव्हती. पण हिंमत नाही असे कोणत्या अर्जात लिहितात?

नकार आल्यावर क्लेअर माझ्याकडेच आली. “बाबा, यू आर द लॉयर. मला एक कडक लेटर लिहून द्या ना.”

मी म्हणालो, “नियम म्हणजे नियम.”

माझ्याकडे क्षणभर पाहून ती हसली. “ओके. मग दही-भात तरी खाऊन जाते.”

आता त्याच चौघांनी पाडव्याला ‘आपली लाडकी गायिका’ असा कार्यक्रम जाहीर केला आहे. वगळलेले गाणे त्यात ध्वनिमुद्रित स्वरूपात वाजणार आहे. कलम चौदा रद्द झाल्याचे मला कळवलेले नाही.

गेल्या आठवड्यात अनिकेतने तिची गिटारची पेटी माझ्या खोलीत आणून ठेवली. आत, गिटारच्या मानेवर लावायचा तिचा चिमटा होता. त्यात एक कागद. माझ्या पत्राची प्रत… अध्यक्षांनी तिला दिलेली. प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने सूर मांडले होते; ‘सबब, सदर गाण्यास हरकत आहे’ यालाही तिने चाल लावली होती. आणि ‘एक सभासद’च्या शेजारी, वेड्यावाकड्या देवनागरीत, दोन अक्षरे : बाबा.

पत्र मागायला आली तेव्हा तिला हे माहीत होते का… त्यानंतरही दर रविवारी ती येताना दही आणत होती.

कागद अजून त्याच चिमट्यात आहे. माझी मागणी अशी : पाडव्याला गाण्याआधी अध्यक्षांनी माझे पत्र माझ्या पूर्ण नावासह रंगमंचावरून वाचावे, आणि एका बिननावाच्या कागदावरून त्यांनी माणूस कसा वगळला याचे जाहीर उत्तर द्यावे. नंतर मला उभे करून तेच विचारावे. मी पहिल्या रांगेत असेन, आणि या वेळी गाणे संपेपर्यंत उठणार नाही.