आभाळाकडची बाजू

जे मोजता येत नाही, ते मी मानत नाही. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो... तरीही लिहिते.

अंटार्क्टिकात बर्फातून वर आलेल्या डोंगरमाथ्यांवर हिमनदीने सोडलेले दगड असतात. बर्फ ओसरला की दगडाच्या आभाळाकडच्या बाजूवर विश्वकिरणांच्या खुणा साठू लागतात. त्यांवरून बर्फ कधी ओसरला ते काढता येतं. म्हणून दगड उचलण्याआधीच वरच्या बाजूवर बाण काढायचा, हा आमचा पहिला नियम. माझा प्रबंध ज्या दगडावर उभा होता, त्याचा बाण मात्र वाऱ्यामुळे मी तंबूत परतल्यावर काढला होता — आठवणीने. हे कोणालाच सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात प्रयोगशाळेचा फ्रीजर बिघडला. दगडावरचा गोठलेला गाळ वितळू नये, म्हणून तो दगड भांडगावला माझ्या मामांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवला. तिथे मक्याचे दाणे गोठवतात.

"काय मॅडम, मक्याशेजारी धोंडा? ह्याला कवा कणसं येणार?" मामा हसले.

"मामा, चेष्टा नको. उद्या कापायचाय तो."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आणायला मी एकटीच आत गेले. दार मागे लागलं आणि वीज गेली. आतली कडी हलेना. उणे अठरा तापमान, अंगात सुती कुर्ता, मोबाइलला रेंज नाही. दारावर मुठी आपटल्या. जाड भिंतींनी आवाज गिळला.

मग फळीवर दगड घासल्याचा आवाज आला.

टॉर्च लावला. बाण खाली गेला होता. दोन्ही हातांनी उचलावा लागतो एवढा दगड... फळी सपाट, कॉम्प्रेसर बंद. मी तो सरळ केला, टॉर्च विझवला आणि तळहात त्यावर दाबून धरला. काही वेळाने तो हाताखालीच फिरू लागला. सावकाश. मी सगळा जोर लावला. थांबला नाही.

"कळलं!" मी ओरडले. "सांगते मी, सांगते!"

कोणाला म्हणाले, माहीत नाही. दार उघडलं.

"आगं पोरी, आत कशाला कोंडून घेतलंस? जनरेटर लावाय गेलतो मी!" मामांनी मला ओढत उन्हात नेलं.

मी दगडाच्या दोन्ही बाजूंचे तुकडे तपासले. बाण चुकीच्या बाजूवर होता. मार्गदर्शकांना सगळं कबूल केलं. प्रबंध वर्षभर मागे पडला.

"चूक लक्षात कशी आली?" त्यांनी विचारलं.

"पुन्हा तपासताना," मी म्हणाले.

प्रबंधातही तेच लिहिलं आहे. त्यातलं तेवढं एकच वाक्य खरं नाही. त्याऐवजी काय लिहावं, हे मला आजही माहीत नाही.