पहिलं बाळंतपण कुणाचं

आमच्या पाटसच्या घरात एखादी मेंढी ठसकली की तिला त्याच दिवशी वेगळ्या वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, ठेवायचे. माझे सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, याबाबतीत कुणाचं ऐकायचे नाहीत. मेंढरं आता थोडीच उरली होती, रानात ऊस आला होता, पण ही शिस्त काही मोडली नव्हती. माणूस खोकायला लागला की मात्र हेच आबा त्याच्या उशाशी सगळी भावकी गोळा करायचे. स्वाईन फ्लूच्या साली या शहाणपणाचं मला पुरेपूर दर्शन झालं.

तो आजार आमच्या घरात आणला माझ्या धाकट्या दिरानं. तो सणसवाडीला कंपनीत कामाला होता आणि तिथंच खोली करून राहायचा. पुण्यात शाळा बंद, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरतायत, टीव्हीवर दिवसभर तेच, आणि हा बायकोच्या डोहाळजेवणाला अंगात ताप घेऊन हजर. पंगतीत बसून खोकला, लोकांना आग्रह करकरून वाढलं, मग अंथरूण धरलं. दोन-तीन दिवसांत ठणठणीत होऊन ड्युटीवर गेलासुद्धा. ताप मागं बायकोला ठेवून गेला. त्यानं तिला दुसरं काही आणून दिल्याचं मला आठवत नाही.

ती माझी धाकटी जाऊ, पाबळची. पोर विशीची, पहिलटकरीण, सातवा महिना. घरात कुणाच्या अध्यात ना मध्यात. आधी घसा धरला, मग अंग असं दुखायला लागलं की कूस बदलताना कण्हायची. गावातल्या डॉक्टरांनी न तपासताच इंजेक्शन टोचलं आणि गरोदर बाईला ताप यायचाच, असं सांगून मोकळे झाले. सासूबाईंनी कापूर आणि वेलची बांधलेली पुरचुंडी तिच्या गळ्यात अडकवली आणि झालं. मग खोकला छातीत उतरला आणि तिला धाप लागायला लागली. "आक्का, पाणी" एवढे दोन शब्द बोलायला ती मध्ये थांबायची. ओठ जांभळाच्या सालीसारखे दिसायला लागले.

मी आबांना म्हटलं, "हिला आत्ताच्या आत्ता पुण्याला सरकारी दवाखान्यात न्या. हा साधा ताप नाही."

सासूबाईच मध्ये बोलल्या, "व्हय, आन् उद्या डेअरीवाला आपलं दूध घील का? त्या तापाचं घर म्हनून गावभर व्हईल."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांना तोडगा सापडला होता. "पहिलं बाळतपण म्हायारचं आसतं. ती जायचीच व्हती पाबळला. जरा आदुगर गेली म्हंजी काय बिघडतंय? काय दवापानी करायचं ते त्यांनी करावं."

असं म्हणून त्यांनी जीप मागवली. रीतीला धरून खणानारळानं तिची ओटी भरायला सासूबाई विसरल्या नाहीत. जी बाई श्वासाला महाग झालीय, तिला पाटावर बसवून ओटी भरणारी माणसं मी तेव्हा पाहिली. तिला पाटावर धरून बसवायला मीच होते, आणि जीपमध्ये सोबतीलाही मीच. आबा पुढं ड्रायव्हरजवळ, नाकाला पंचा लावून, काच खाली करून. मेंढरांची अक्कल त्यांनी तेवढी स्वतःपुरती वापरली. चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्यानं निघालो, तो रस्ता तेव्हा खड्ड्यांचा, आणि प्रत्येक खड्ड्याला ती पोटाला दोन्ही हातांनी धरायची.

पाबळला तिचे वडील दारातच उभे होते. कुणीतरी फोन केला असणार. लेकीला पाहायला ते जीपपाशी आले, पण हातभर लांबच थांबले. मग आबांना म्हणाले, "पाव्हनं, रीत आमाला ठावं हाय. पर धडधाकट लेक बाळतपनाला येती. तापाची न्हाई. तुमच्या घरात आजारी पडली, तुमी बरी करा, मग आना. आमच्यात बारकी पोरं हाईत."

"पोरगी तुमचीच हाय की," आबा म्हणाले.

"दिली तवा तुमची झाली."

दोघं ओट्यावर बसले. चहा आला. लेक जीपमध्ये, आणि हे दोन म्हातारे बशीत ओतून फुंकर मारत चहा पितायत. बोलणं अगदी अदबीचं, एकमेकांना पान पुढं करून, सोयरीक ठरवताना चाललं होतं तसंच. तिची आई पदर तोंडाला लावून दाराआडून बघत होती; तिला बाहेर यायची मुभा नव्हती, किंवा तिनं ती मागितली नाही. मला त्या दोघांची इतकी किळस आली की दिलेला चहा मी अंगणातल्या शेवंतीच्या वाफ्यात ओतला.

शेवटी तडजोड निघाली. पाटस नको, पाबळ नको, शिरूर बरं. मधलं गाव, ना यांचं ना त्यांचं. पाबळहून पुणं एका बाजूला, शिरूर दुसऱ्या. औषध होतं पुण्यात आणि आमची जीप निघाली शिरूरला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात तो बंब मी डोळ्यांनी पाहिला, आणि त्यात मीच बसले होते.

शिरूरच्या एका खाजगी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला सर्दी-ताप होता का? पुण्याहून कुणी आलं होतं?" आबा म्हणाले, "न्हाई वो, कुनीच न्हाई." मी म्हटलं, "हिचा नवरा तापानं पडून गेलाय, सणसवाडीहून आला होता." आबा माझ्याकडं असं बघायला लागले, जणू मी भर बाजारात पदर पाडलाय. डॉक्टरांनी ऐकलं ते आबांचं. पुरुषाचं म्हणणं, शिवाय सोयीचं. टायफॉईड धरून सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून बघितल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. ऑक्सिजनची टाकी आणि ॲम्ब्युलन्स त्यांनी स्वतःच इतक्या तातडीनं मिळवली, की आदल्या दिवशी हे गृहस्थ कुठं झोपले होते, असं विचारावंसं वाटलं.

पुण्याच्या वॉर्डात गेल्यावर कळलं, हा आजार म्हाताऱ्यांना सोडून जवान माणसं धरतोय. शेजारच्या खाटेवर बिहारचा एक कामगार होता. ठेकेदार त्याला दारात सोडून पळाला होता. तो आठवड्याभरात पायानं चालत घरी गेला, जाताना मला "भाभी, चलता हूँ" म्हणाला. तो वेळेवर आला होता, एवढाच फरक. त्याला हाकलून द्यायला का होईना, कुणीतरी थेट इथं आणलं होतं. जावेच्या घशातला नमुना तपासणीला गेला, गोळ्या सुरू झाल्या. छातीच्या फोटोत तिची दोन्ही फुप्फुसं पांढरी आली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या गोळ्या सुरुवातीलाच मिळायला हव्या होत्या." आमची सुरुवात ओट्यावर चहा पीत होती.

तिला श्वासाच्या मशीनवर ठेवलं. तिथंच बाळ गेलं. सिझर करून काढलं तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. दिरानं येऊन सही केली आणि बाहेर जाऊन मोबाईलवर बोलत बसला. जावेला शुद्ध आली ती बऱ्याच दिवसांनी. घशात नळी घालून काढलेली, आवाज फुटत नव्हता. तिनं नुसता पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं. मग तिनं ओठांनी विचारलं, काय होतं? मी म्हटलं, मुलगी. तिनं मान हलवली आणि भिंतीकडं तोंड केलं. घरच्या दुसऱ्या कुणी तिला त्याबद्दल कधी काही विचारलं नाही.

ती जगली. आता ती बरी झाली म्हटल्यावर दोन्हीकडची माणसं न्यायला आली, नारळ घेऊन, जिलबीचे पुडे घेऊन. उंबऱ्यात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. डेअरीत दूध कधी बंद झालंच नव्हतं. जिना चढताना ती मध्ये बसायची, खोकला तर पुढं कित्येक महिने टिकला, आणि सासूबाई बायकांत सांगायच्या, "पुन्याच्या डाक्टरांनी लई औषधं दिली, म्हनून अशी झाली."

पुढं वर्ष सरल्यावर तिला पुन्हा दिवस गेले. सातवा लागला तसे पाबळचे वडील आमच्याकडं आले. पुन्हा ओटा, पुन्हा बशा, पुन्हा पान. आबा म्हणाले, "कवा नेताय? पहिलं बाळतपण म्हायारचं."

पाव्हणे म्हणाले, "पहिलं झालं की. आता हे दुसरं. दुसरं सासरचं आसतं."

"ते कुठं बाळतपण व्हतं?" आबा म्हणाले. "सातव्यातलं, मेलेलं. ते धरत्यात व्हय?"

"धरायचं कसं न्हाई? दवाखान्यात झालंच की."

दोघंही पोक्त माणसं, गावात चार लोक ज्यांचा सल्ला घेतात अशी. ते मेलेलं लेकरू हिशेबात धरायचं की सोडायचं यावर ते चहाचा दुसरा कप होईपर्यंत बोलत होते. जाऊ दारात उभी होती, पोटावर हात ठेवून. त्या घरात आल्यापासून सासऱ्यांसमोर ती कधी तोंड उघडून बोलली नव्हती.

"धरा," ती म्हणाली. "मुलगी व्हती ती."