दुप्पट वेगाचा मेव्हणा

देवानं माणसाला दोन कान दिले ते एका वेळी दोन व्याख्यानं ऐकता यावीत म्हणून, अशी प्रामाणिक समजूत असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मावसभाऊ निघाला. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी तो केम या गावाहून शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी आला, माडीवरच्या खोलीत राहिला आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्या घराला धाप लागली. वयाची मर्यादा संपत आली होती. हा शेवटचा प्रयत्न. नाहीतर जन्मभर गावात ‘साहेब होणार होता तो’ म्हणून ओळख सांगितली जाणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

क्लासच्या सरांची व्याख्यानं त्याच्याकडं रेकॉर्ड केलेली होती. ती आहेत तशी ऐकायला तो काय वेडा होता? आधी ती कॉम्प्युटरवर आवाजाच्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायची, सर श्वास घेतात तिथं कापायचं, खोकतात तिथं कापायचं, ‘लक्षात घ्या’ म्हणतात तिथं तर डोळे मिटून कापायचं, आणि जे काही सर उरतील त्यांना दुप्पट वेगानं पळवायचं. पहिल्यांदा तो आवाज जिन्यातून खाली आला तेव्हा आमची ही भाजी चिरता चिरता म्हणाली, वर कुणाची तरी भांडणं लागलीत, जाऊन सोडवा. मी वर गेलो तर राज्यघटना चालली होती.

हळूहळू त्याला सगळं जगच संथ वाटू लागलं. एका लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना तो माझ्या कानात कुजबुजला, की ही दीडपट केली असती तर जिलेबी गरम मिळाली असती. मी पडलो मराठीचा निवृत्त मास्तर, वाक्य सुरू करून चष्मा पुसायला घेणारा. माझ्या पहिल्या नोकरीची हकिकत त्यानं गुपचूप रेकॉर्ड केली आणि दुसऱ्या दिवशी पानात शेंगाचटणी वाढून होईपर्यंत वाजवून संपवलीसुद्धा. “दाजी, गोष्ट एवढीच हाय की,” तो म्हणाला. हिनं तर ही सोय थेट माझ्यावरच बसवता येईल का, अशी चौकशी केली. मला राग आला, पण खरं सांगायचं तर हकिकत चांगली झाली होती.

लेखी परीक्षा तो झपाट्यात पास झाला. घोडं अडलं ते मुलाखतीच्या सरावात. एका अभ्यासिकेत निवृत्त अधिकारी सराव घेत. त्यांनी नाव विचारलं. ह्यानं नाव, गाव, छंद आणि पाणीटंचाईवरचे उपाय एका दमात सांगून टाकले. परत सांगा म्हटल्यावर परत सांगितले, आणखी वेगानं. ज्ञान भरपूर आहे, पण समोरच्याला एक अक्षर कळत नाही, असा शेरा मिळाला. घरी येऊन तो जिन्यातच बसला आणि पहिल्यांदा हळू बोलला.

“दाजी, मला तुमच्यावानी बोलाय शिकवा.”

माझ्या रटाळपणाला आयुष्यात प्रथमच मागणी आली होती. मी ती वाया जाऊ दिली नाही. प्रश्न आला की कडक भाकरीचा तुकडा तोंडात टाकायचा आणि तो नीट चावून गिळल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, असा नियम केला. आमच्याकडची कडक भाकरी कुणाच्या घाईला दाद देत नाही. त्याचे जबडे दुखले, हिच्या भाकऱ्यांची चळत संपली, पण त्याच्या दोन वाक्यांत जागा पडू लागली. खऱ्या मुलाखतीत तो सवयीनं रिकामंच तोंड चावत बसला. आपण काही खाताय का, असं एका सदस्यांनी विचारलं. चावून झाल्यावर त्यानं उत्तर दिलं, “नाही सर, विचार करतोय.” निवड झाली.

आता तो तिकडं विदर्भात साहेब आहे. रविवारी फोन करतो आणि ‘आपली तब्येत कशी आहे?’ असं एकेक शब्द तोलून विचारतो. अभिमान वाटतो, नाही असं नाही. पण माडीवर इतकी शांतता आहे की घर खायला उठतं. परवा न राहवून मी त्याला म्हटलं, “अरे, तू गेल्यापासून...” आणि पुढचा शब्द सापडेना. पूर्वीचा असता तर माझं वाक्य त्यानंच पुरं करून फोन ठेवलाही असता. आता मात्र तो थांबला, मी शिकवलं होतं तसं, अगदी शेवटपर्यंत. मी चष्मा पुसायला घेतला. फार वाटलं, आज तरी त्यानं थांबू नये.