स्लॅबच्या दिवशी आलेली तार

मी पोर्चच्या सळयांवर उकिडवा बसून माप घेत होतो. तेवढ्यात खालून शिपायानं हाक मारली, "वानखडे साहेब, तार आहे तुमची."

खाली काँक्रीट कालवायला सुरुवात झाली होती. डोक्यावर घमेली घेतलेल्या बायका शिडीपाशी रांगेत उभ्या होत्या. मी उतरून तार वाचली. 'मदर सिरियस. स्टार्ट इमिजिएटली.' अकोल्याहून ताईनं केली होती.

साडेअकरा वाजले होते. अचलपूरहून अकोल्याची एस.टी. एक वाजता सुटायची. आमच्या साइटपासून अचलपूर सायकलनं पाऊण तास. म्हणजे माझ्या हातात पाऊण तास होता.

गोष्ट एकोणीसशे साठच्या दशकाच्या सुरुवातीची. चांदूर बाजार आणि अचलपूरच्या मधल्या एका गावात सरकारी दवाखान्याची इमारत चालली होती. मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. ठेकेदार करतो ते काम नकाशाप्रमाणे होतं की नाही, हे पाहणारा माणूस म्हणजे ओव्हरसियर. नोकरीला वर्ष व्हायचं होतं, प्रोबेशन चालू होतं. आमच्या घरात सरकारी नोकरी लागलेला मी पहिला. माय अकोल्याला जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायची. तिनं त्या कापसाच्या धुळीत पंधरा वर्षं काढली, म्हणून मी डिप्लोमापर्यंत पोचलो. त्या धुळीनंच तिची छाती खाल्ली होती.

आता पोर्चचं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. पेशंटला उन्हात उभं राहावं लागू नये म्हणून दवाखान्याच्या दारावर पाच फूट पुढे आलेला स्लॅब होता. खाली खांब नाहीत. एक बाजू भिंतीवरच्या बीममध्ये पक्की, दुसरी हवेत. याला आम्ही कँटिलिव्हर म्हणतो.

डिप्लोमाच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं होतं, "व्हॉट इज अ मोमेंट?" मी मराठी शाळेतून आलेलो. शब्द पाठ होता, हात वर केला. म्हणालो, "क्षण, सर." वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी पाण्यानं भरलेली बादली माझ्या हातात दिली आणि छातीशी धरायला सांगितली. धरली. मग म्हणाले, "आता हात पुढे लांब कर." दोन मिनिटांत खांदा भरून आला. "बादली तीच आहे. फक्त अंतर वाढलं. वजन गुणिले अंतर, हे मोमेंट. ते सगळं खांद्यावर येतं."

पोर्चचा खांदा म्हणजे भिंतीवरचा बीम. पुढचं टोक खाली वाकायला बघतं, तेव्हा खांद्यापाशी स्लॅबची वरची बाजू ताणली जाते. काँक्रीटला दाब सोसतो, ताण सोसत नाही. ताण लोखंडानं घ्यायचा. म्हणून इथे सळया वरच्या अंगाला पाहिजेत. पाच इंच जाडीच्या स्लॅबमध्ये वरून एक इंचावर. त्या खाली दबल्या की असून नसल्यासारख्या.

आणि त्या दबल्या होत्या. सळया वर उचलून धरायला खाली लोखंडाचे वाकवलेले तुकडे ठेवतात, त्यांना खुर्च्या म्हणतात. चार ठिकाणी पाहिजेत तिथे एक होती. माणसांचे पाय पडून सळया दोन इंच बसल्या होत्या.

मी रहमान मिस्त्रीला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, हातात कसब होतं. म्हणालो, "मिस्त्री, खुर्च्या वाढवा. आत्ताच्या आत्ता."

"करतो साहेब. पन तुमी निंगा. माय बिमार हाय ना तुमची. मी आहो इथं."

ठेकेदार गुलाबराव खालीच उभे होते. त्यांना उद्घाटनाची काळजी. "काम थांबवू नका, साहेब," ते म्हणाले. "आज मजूर गेले त आठ दिवस येत नाहीत. मोठे लोक येऊन राहिले उद्घाटनाले, पत्रिका छापल्या."

काम थांबवायचा विचार माझ्या मनात आलाच नाही, असं म्हणणार नाही. आला. पण प्रोबेशनवरचा माणूस, उद्घाटन ठरलेलं. वाटलं, काम अडवलं तर वरपर्यंत तक्रार जाईल. आतल्या खोल्यांवर काँक्रीट सुरू होऊ दिलं. खुर्च्या कापून, वाकवून, तारेनं बांधून घेतल्या. प्रत्येक सळईवर पट्टी लावली. वरून एक इंच. बरोबर.

घड्याळ पाहिलं तेव्हा पाऊण वाजला होता.

जीव तोडून सायकल मारली. अचलपूरला पोचलो तर एकची गाडी गेलेली. पुढची तीनला. मी स्टँडवरच्या बाकावर बसून राहिलो. पँटवर सिमेंट होतं, ते नखानं खरवडत राहिलो. साडेसहाला अकोल्याला उतरलो, टांगा केला.

मायला ठेवलेल्या दवाखान्याच्या व्हरांड्यातच ताई भेटली. तिचं तोंड पाहून कळलं.

"सव्वापाचले गेली," ती म्हणाली.

एकची गाडी साडेचारला पोचायची.

"चार वेळा इचारलं तिनं, आला का म्हनून. मी म्हनलं, येऊन राहिला. मंग म्हने, काम असन त्याले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मायला नेलं. वस्तीतल्या लोकांनी बुद्धवंदना म्हटली. जिनातल्या बायका आपल्या पाळीचं काम सोडून आल्या होत्या.

बाराव्या दिवशी मी साइटवर हजर झालो. गुलाबराव खुशीत होते. स्लॅब झाला होता, पाणी मारणं चालू होतं. परवा पोर्चखालचे टेकू काढायचे आणि प्लॅस्टर धरायचं, असा त्यांचा बेत होता. मी रहमान मिस्त्रीला बाजूला घेतलं.

"मिस्त्री, सळया जागेवर राहिल्या?"

तो जमिनीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "साहेब, खोटं नाई बोलत. मांगच्या अंगाची फळी सुटली, माल गळाले लागला. तिकडं धावलो. परत आलो तं पोर्च भरून झालता. बाया वरूनच चालत होत्या. खुर्च्या टिकल्या का दबल्या, अल्लाले माईत."

"मला तार कावून नाही केली?"

"कशी करू? तुमची माय..."

काँक्रीटचं असंच आहे. एकदा भरलं की आत काय आहे ते दिसत नाही. वरून स्लॅब गुळगुळीत, सुरेख होता. मी छन्नी-हातोडा मागवला. गुलाबराव आडवे आले.

"साहेब, हे काय करून राहिले? स्लॅब तुमच्या देखरेखीत पडला. साइटच्या वहीत तुमी हजर आहा. तुमी नव्हते, हे आपल्या तिघांशिवाय कोनाले माईत नाही. मी तोंड उघडनार नाही. तुमी बी गप बसा."

वहीत त्या दिवशी सकाळी माझी सही होती. ती खरी होती, पण फक्त पाऊण वाजेपर्यंत.

मिस्त्रीनं छन्नी स्वतःच धरली. भिंतीलगत, खांद्यापाशी, तो वरून फोडत गेला. एक इंच. सळई नाही. दोन इंच. नाही. तीन इंच. मी पट्टी आत सोडून बसलो होतो. साडेतीन इंचावर छन्नी लोखंडावर वाजली. मिस्त्रीनं हातोडा खाली ठेवला. "या अल्ला," एवढंच म्हणाला. टेकू काढले असते तर आधी त्याखालचे मजूरच सापडले असते. तेव्हा तग धरला असता, तर पुढे कधीतरी पेशंट.

मी टेकूंना हात लावायचा नाही असं लिहून दिलं आणि अमरावतीला निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी डेप्युटी इंजिनियर साने साहेब जीपनं आले. कमी बोलणारा, कडक माणूस. त्यांनी खड्डा पाहिला, वही पाहिली.

"स्लॅब टाकताना तुम्ही हजर होता?"

गुलाबराव माझ्याकडे बघत होते. शाळेत शिकलेला क्षण म्हणजे काय, ते मला तिथे समजलं. त्यात नोकरी होती, मायची पंधरा वर्षं होती.

"नव्हतो, साहेब. तार आली, परवानगी न घेता निघून गेलो."

मी सगळं सांगितलं. साहेबांनी तार मागितली. ती माझ्या खिशातच होती. त्यांनी वाचली, घडी घालून परत दिली.

"आई कशी आहे?"

"गेली."

त्यांनी पोर्चकडे बोट केलं. मग विचारलं, "तार आली तेव्हा पोर्चवर काँक्रीट पडलं होतं?"

"नाही. एक घमेलंही नाही. कालवणं चालू होतं, टाकणं कुठंच सुरू झालं नव्हतं."

"मग काम थांबवलं का नाही? स्लॅब दुसऱ्या दिवशी टाकता आला असता. मला एक चिठ्ठी पाठवून तुम्ही तिथूनच निघायचं होतं. ठेकेदाराला मी पाहून घेतलं असतं."

मी तारेची घडी खिशात ठेवली.

पोर्च तोडला आणि पुन्हा टाकला. त्या वेळी मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सळयांपाशी होतो आणि रहमान मिस्त्री माझ्या शेजारी. उद्घाटन महिनाभर लांबलं. माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. शेऱ्यात साहेबांनी लिहिलं होतं, 'चूक स्वतः उघड केली.'

पुढे तीस वर्षं नोकरी झाली. हाताखाली आलेल्या प्रत्येक ओव्हरसियरला मी एकच गोष्ट सांगत आलो. साइट सोडायची असेल तर आधी काम बंद करा. काम बंद करता येत नसेल तर साइट सोडू नका. मी थोडं थांबलो आणि मग गेलो, त्यामुळे ना पोर्च धड झाला, ना मायची भेट झाली.

कारण कोणी विचारलं, तर पोर्चचं सांगायचो. मायचं इथे पहिल्यांदाच लिहितो आहे.