मॉरिशसला कधी जावं

बायकोच्या फुप्फुसातल्या गाठीतून सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला होता, त्या आठवड्यात आमच्या घरात एकाच विषयावर बोलणं चाललं होतं: मॉरिशसला कोणत्या महिन्यात जावं.

विषय तसा जुना. चाकणच्या एका कारखान्यात मी मेन्टेनन्सला लागलो आणि तिथंच केस पांढरे केले. वर्षातून एकदा कारखाना बंद ठेवतात, त्याला शटडाऊन म्हणतात. तेव्हा बाकीचे गोव्याला जातात आणि मेन्टेनन्सवाले मशिनींच्या पोटात शिरतात. त्यामुळे मॉरिशस माझ्या निवृत्तीवर ढकललेलं होतं. निवृत्त झालो आणि त्याच पावसाळ्यात तिला खोकला लागला. दिवाळी झाली तरी गेला नाही. मग एक्स-रे, मग सीटी, मग ती सुई. डॉक्टर तरुण आणि सभ्य होते. म्हणाले, "काळजीचं कारण असेलच असं नाही." हे वाक्य मी घरी आणलं आणि सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं. ते कुठूनही उघडत नव्हतं.

आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं, तिच्या धाकट्या भावालासुद्धा. तो चाकणजवळच्या त्यांच्या गावी राहतो, कांदा लावतो आणि उरलेल्या वेळात एका कंपनीत शिफ्ट करतो. उलटंही म्हणता येईल. शनिवारी तो आमच्या ताथवड्याच्या फ्लॅटवर तीन पास घेऊन आला. कुठल्याशा सहल कंपनीने चिंचवडच्या सभागृहात संध्याकाळ ठेवली होती.

"दाजी, चला. फुकट हाय. वर च्या-बिस्कीट."

मला जायचं नव्हतं. ती म्हणाली, "जाऊ या. नाहीतर तुम्ही फोनकडे बघत बसणार. शनिवारी रात्री लॅब फोन करत नसते."

"कसली लॅब?" भावाने विचारलं.

"यांची साखर तपासायला दिलीय," ती म्हणाली. मला तोपर्यंत साखर नव्हती.

सभागृहात स्पीकरवरून तुतारी वाजली. मालक फेटा बांधून आले. मागच्या फलकावर त्यांना पर्यटनमहर्षी म्हटलं होतं. महर्षी होण्यासाठी पूर्वी जंगलात जावं लागे, आता तिकिटं काढून दिली की पुरतं. समईची वात पंख्याखाली पेटेना, म्हणून चार मान्यवर तिच्याभोवती हातांचा आडोसा करून उभे राहिले. एरवी मी हे सगळं मनात टिपून घेऊन आठवडाभर हसलो असतो. त्या दिवशी शेजारी ती रुमालात खोकत होती आणि मी प्रत्येक खोकला मागच्याशी ताडून पाहत होतो. जास्त ओला आहे का, लांबतोय का.

"मॉरिशसमध्ये बारा महिने वसंत असतो," महर्षी म्हणाले.

मी तिच्या कानात म्हणालो, "काहीतरीच. विषुववृत्ताच्या खाली आहे ते. आपला उन्हाळा म्हणजे त्यांची थंडी. सप्टेंबर-ऑक्टोबरला सगळ्यात छान, कोरडं, ना गरम ना गार. जानेवारी ते मार्च पाऊस आणि चक्रीवादळं."

माहिती सांगताना माणसाला जरा बरं वाटतं. तिने हात वर केला. माइक आला.

"कोणत्या महिन्यात जाऊ नये, ते सांगा ना."

महर्षी मोकळं हसले. "ताई, स्वर्गात जायला मुहूर्त लागतो का?"

सभागृह खळखळून हसलं. तिचा भाऊ मांडीवर थाप मारून हसला. मी मात्र समोरच्या समईकडे बघत राहिलो. मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिने माइक परत दिला आणि म्हणाली, "याला माहीत नाही."

चहाच्या वेळी महिन्याचा प्रश्न भावाने हातात घेतला. "मे मधी जाऊ. तवर गावची जत्रा उरकती, कांदं निघत्यात. समदे जाऊ."

"सप्टेंबर चांगला म्हणतात हे," ती म्हणाली.

"आक्का, सप्टेंबरात पितृपक्ष. पितरांना जेवाय घालायच्या दिसांत कोन सहलीला जातं? पितरं काय इमानानं येणार हायेत व्हय मागं?"

"मग ऑक्टोबर. नवरात्र झालं की."

"फेब्रुवारी," मी म्हणालो.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"फेब्रुवारीत लग्नाच्या तिथी किती असत्यात दाजी. आन् आत्ता तर नोव्हेंबर चाललाय. येवढी काय घाई?"

मी म्हणालो, तेव्हा गर्दी कमी असते. त्याने ते मान्य करून बिस्कीट बुडवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेथी निवडत बसली होती. मी समोर पेपर धरला होता. ती मान वर न करता म्हणाली, "वादळं कधी येतात म्हणालात?"

"जानेवारी ते मार्च."

"आणि आपण फेब्रुवारीत जायचं."

"गर्दी कमी..."

"आभाळ भरलेलं दिसलं तर भाजी आणायला उद्या जाऊ म्हणता तुम्ही. गर्दी टाळायला वादळात जाणारे नाही." तिने एक जून काडी बाजूला टाकली. "बेअरिंग वाजायला लागलंय म्हणून माल काढून घेताय ना?"

हे सांगायला हवं. कारखान्यात मशिनीचं बेअरिंग आवाज करू लागलं की मेन्टेनन्सवाला म्हणतो, थांबवा, उघडून बघू. प्रॉडक्शनवाला म्हणतो, बसायच्या आत जेवढा माल निघेल तेवढा आजच काढून घ्या. त्या घाईत मशीन आणखी बिघडतं. माझी सगळी नोकरी या लोकांशी भांडण्यात गेली आणि घरी जेवताना मी त्यांचा उद्धार करत असे. समोरचं माणूस ऐकतंय असं मला कधी वाटलं नव्हतं.

"तसं नाही," मी म्हणालो. तसंच होतं.

"ऑक्टोबर म्हणायची भीती वाटते तुम्हाला."

मी पेपर खाली ठेवला. अंधश्रद्धेवर मी बरंच वाचलेलं आहे, लोकांना ऐकवलेलंही आहे. पण ऑक्टोबर हा शब्द तोंडातून काढणं मला जमत नव्हतं. मी मनात एकेक महिना पुढे चालत जाऊन बघत होतो आणि दर वेळी कुठल्या ना कुठल्या महिन्यात ती मागे राहत होती. फेब्रुवारीपर्यंत ती सोबत दिसत होती. म्हणून फेब्रुवारी.

"मलाही वाटते," ती म्हणाली. "पण म्हणून मी तुमच्याबरोबर खोलीची दारं लावून वारा ऐकत बसणार नाही. इतकी वर्षं थांबले ती काय त्यासाठी? मला समुद्र शांत असताना बघायचाय. नाहीच जमलं तर नाही जमलं. पण वादळात नेऊन उरकायचं नाही."

मग आम्ही दोघांनी मिळून मेथी निवडली. तिने माझी अर्धी परत निवडली.

मंगळवारी डॉक्टरांनी बोलावलं. डॉक्टर म्हणाले, तुकड्यात वाईट काही दिसलं नाही. मी श्वास सोडणार तेवढ्यात त्यांनी पुढचं वाक्य काढलं. तुकडा अगदी लहान असतो, गाठीच्या दुसऱ्या भागाबद्दल त्यावरून ठाम सांगता येत नाही. तीन महिने थांबू, पुन्हा सीटी करू, वाढली आहे का पाहू.

"म्हणजे फेब्रुवारीत," ती म्हणाली.

"हो. तेव्हा कुठे बाहेरगावी नाही ना?"

"नाही. फेब्रुवारीत आम्ही इथंच आहोत. ऑक्टोबरमध्ये मॉरिशसला जायचंय."

आयुष्यभर मी प्रेशर गेजचे काटे वाचले. तसा मी डॉक्टरांचा चेहरा वाचत होतो. काटा हलला का? ते क्षणभर थांबल्यासारखे वाटले. कदाचित चष्मा नीट करत असतील. मग म्हणाले, "तिकडची हवा तेव्हा चांगली असते म्हणतात." जा म्हणाले नाहीत. जाऊ नका असंही म्हणाले नाहीत.

बाहेर येऊन आम्ही हॉस्पिटलसमोरच्या टपरीवर चहा घेतला. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं इतकंच, की भीतीला मुदतवाढ मिळाली आहे. तिने पर्समधून सहल कंपनीचं पत्रक काढून माझ्यापुढे धरलं. "लावा फोन. मी बोलले तर खोकला येईल."

पलीकडची मुलगी उत्साही होती. नाव विचारलं, राहायला कुठे विचारलं. मग म्हणाली, "महिना कोणता धरू, सर?"

बायको माझ्याकडे बघत चहा पीत होती. मी म्हणालो, "ऑक्टोबर."

"पुढच्या वर्षीचा? किती जण?"

"दोघं," मी म्हणालो.

"एवढं हळू काय बोलताय," ती म्हणाली. "चोरी करतोय का आपण?"